फुलपाखरू मासा पाळायचाय? ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

घरच्या खाऱ्या टँकमधला बटरफ्लाय फिश, म्हणजे फुलपाखरू मासा, बहुतेक वेळा उपासमारीने जातो. पाणी चोख असतं, लाइट महागाचे असतात, टेस्ट किटवर सगळे आकडे बरोबर येतात. मासा मात्र दगडादगडाला तोंड लावत फिरतो, टाकलेल्या दाण्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि दोन-तीन आठवड्यांत पाठीकडून बारीक होत जातो. म्हणून खाली मीठ, मशिनरी, वजन, वीज असं सगळं येणार असलं, तरी मन खाण्याकडे ठेवून वाचा.

दुसरी गोष्ट, मासा सगळ्यांत शेवटी घ्यायचा. टँकमध्ये पाणी भरल्यापासून चार ते सहा महिन्यांनी. एवढा धीर नसेल तर क्लाउनफिशची जोडी पाळा. ती टँकमध्येच जन्मलेली मिळते, दाणे खाते आणि पोरांनाही ओळखीची असते. फुलपाखरू मासे मात्र जवळजवळ सगळे समुद्रातून पकडलेले असतात. पाकिटातला दाणा हे अन्न आहे, हे त्यांना माहीतच नसतं.

आधी जात ठरवा

या कुळात सव्वाशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जातींचं अन्न ठरलेलं आहे: जिवंत प्रवाळाचे कोंब. मेयर्स, ऑर्नेट, शेव्हरॉन, आठ काळ्या पट्ट्यांचा एट-बँडेड ही त्यांतली नावं. दिसायला एकाहून एक देखणे, आणि घरच्या टँकमध्ये एकाहून एक हट्टी. दुकानदाराने फुकट दिला तरी यांतला घेऊ नका.

नवख्याने बघावेत असे चार:

हेनिओकस, ज्याला बॅनरफिशही म्हणतात. काळे-पांढरे पट्टे आणि पाठीवरून निघालेला लांब पांढरा तुरा. खायला लवकर लागतो. मोठा झाला की २० सेंटिमीटरच्या पुढे जातो, हे लक्षात ठेवा.

ऑरिगा. पाठीच्या पराच्या मागच्या टोकाला दोरा असतो, अंगावर तिरक्या रेघांची नक्षी. काटक.

रॅकून. डोळ्यांवर काळा मुखवटा. बाकीचे फुलपाखरू मासे दिवसा चरतात, हा संध्याकाळनंतर जास्त हालतो. टँकमध्ये एप्टेशिया नावाचे नको असलेले छोटे अॅनिमोन माजले असतील तर तो ते खातोसुद्धा.

व्हॅगाबॉन्ड आणि त्याचा हिंदी महासागरातला भाऊबंद, इंडियन व्हॅगाबॉन्ड. फार झगमगीत नाहीत, पण खातात. माझं मत विचाराल तर पहिला मासा यांतला घ्यावा.

कॉपरबँड या यादीत मुद्दाम नाही. तांबूस पट्टे, लांब चोच. सगळ्यांना तोच हवा असतो आणि दुकानदारही 'एप्टेशिया साफ करतो' म्हणून तोच पुढे करतात. त्याला खायला लावणं हे अनुभवी माणसाचं काम आहे. वर्षभर दुसरा फुलपाखरू मासा नीट ठेवून दाखवा, मग बघू.

एका टँकमध्ये एकच घ्या. हेनिओकस जोडीने किंवा घोळक्याने राहतात, बाकीच्या जातींचे दोन एकत्र टाकले तर भांडतात.

टँक, आणि टँकचं वजन

१२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या भाषेत चार फुटी, हा कमीत कमी. हेनिओकस घेणार असाल तर पाच फुटी करा. चार फुटी टँकची क्षमता ४३२ लिटर होते. दगड आणि वरची मोकळी जागा वजा करून साधारण ३८० लिटर पाणी धरा. एक लिटर समुद्राचं पाणी एक किलोपेक्षा थोडं जड असतं. त्यात १२ मिलिमीटरची काच, दगड, लोखंडी स्टँड आणि खालचा संप (पाणी गाळणारी जोडटाकी) मिळवला की साडेसहाशे किलोच्या आसपास ओझं जमिनीच्या पाऊण चौरस मीटरवर येतं. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो चलभार (माणसं, सामान यांचं वजन) धरून डिझाइन करतात. तो आकडा खोलीभर पसरलेल्या भारासाठी असतो हे खरं, पण म्हणूनच टँक हॉलच्या मधोमध ठेवू नये. खालून बीम गेलेल्या भिंतीला लागून, शक्यतो कॉलमजवळ ठेवा. इमारत नवी असेल तर सोसायटीकडून नकाशा मागून बीम कुठे आहेत ते बघता येतं. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत, जिथे छताचं प्लास्टर निघतंय, तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध चांगले ठेवा, ते वेगळं सांगायला नको.

टँकखाली संप हवाच, आणि संपमध्ये प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र. हा मासा दिवसातून चार वेळा खाणार, उरलेलं कुजणार. स्किमर लहान घेतलात तर तो पुरा पडणार नाही. टँकच्या मापाला जो सांगितलाय त्याच्या वरचा घ्या. वर जाळीचं झाकण.

विजेचं काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात, त्यांचं मीठ प्लगवर साचतं. बोर्ड टँकच्या वरच्या बाजूला किंवा लांब असावा, प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ असावा म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकेल, आणि त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असावा. यात काटकसर करू नका.

पाणी कुठून आणायचं

खाडीतून नाही. वाशीचा पूल, ऐरोली, कोलशेत, जिथे उभे राहाल तिथून पाणी समोरच दिसतं आणि कॅन भरून आणायचा मोह होतो. ठाणे खाडीत शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं, आणि पावसाळ्यात खारेपणा पार खाली जातो. ते पाणी फ्लेमिंगोंना लखलाभ.

पाणी घरीच बनवायचं. आरओ-डीआय युनिट, म्हणजे पाण्यातले क्षार पार काढणारा फिल्टर, घ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य येतोय का ते बघा. पिण्याच्या आरओचं पाणी चालेल असं दुकानात सांगतात. त्यात क्षार उरतात, ते पुढे शेवाळ म्हणून दिसतात. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, ते मुळात सौम्य आहे, डीआयचा रेझिन बरेच दिवस टिकतो. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्या टँकरवर किंवा बोअरवेलवर आहेत तिथे टीडीएस एका आठवड्यात काहीच्या काही बदलतो, म्हणून टँकर आला की मीटर बुडवून बघायची सवय लावा. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की सेडिमेंट फिल्टर काळा पडतो, तो वेळेत बदला. नळाच्या पाण्यातला क्लोरिन कार्बन फिल्टर काढतो.

मीठ मरीन सॉल्ट म्हणून मिळतं तेच, दर लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. पहिल्या भरणीला १४ किलो तरी लागेल. स्वयंपाकाचं किंवा मिठागराचं मीठ नाही. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी भरा, छोटा पंप फिरत ठेवा, मीठ थोडं थोडं टाका आणि रात्रभर फिरू द्या. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२४ ते १.०२५ आलं पाहिजे. तरंगणारा स्वस्त हायड्रोमीटर सोडून द्या. रिफ्रॅक्टोमीटरही महिन्यातून एकदा त्याच्या कॅलिब्रेशन द्रावणावर तपासा.

रोज टँकमधलं पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ-डीआय पाण्याने घालायची, मिठाच्या पाण्याने कधीच नाही. ऑटो टॉप-अप लावलात तर हे विसरायची सोय होते.

उकाडा

माशाला २५-२६ अंश हवं, २८ पर्यंत चालतं. मे महिन्यात ठाण्यात बंद घरातलं पाणी बत्तीस अंशांच्या वर सहज जातं, आणि पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. पृष्ठभागावर पंखे लावून दोन-तीन अंश उतरतात, पण पंखा बाष्पीभवनावर चालतो. जुलैच्या दमट हवेत त्याचं काही चालत नाही, आणि ऑक्टोबर हिट पुन्हा आहेच. चार फुटी टँकला पाव ते एक तृतीयांश एचपीचा चिलर घ्या. तो गरम हवा बाहेर फेकतो, म्हणून कॅबिनेटमध्ये कोंबू नका; खिडकीजवळ किंवा आच्छादलेल्या बाल्कनीत ठेवून पाइप आत आणा. दिवसभर एसी चालणारी खोली असेल तर चिलर वाचेल, विजेचं बिल वाचणार नाही.

दुरुस्तीसाठी वीज बंद, हा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्याचे दिवे चालवतो, संपमधलं पाणी वर आणणारा तुमचा रिटर्न पंप नाही. घरच्या इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) टाका आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तयार ठेवा. गार ठेवणं काही तास थांबलं तरी चालतं, हवा थांबून चालत नाही.

दगड आणि कायदा

समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' घेऊ नका. बहुतेक वेळा तो मेलेला प्रवाळ असतो, आणि भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, जिवंत आणि मेलेलाही. समुद्रघोडेही तसेच. दुकानात राजरोस दिसतं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले कोरडे दगड मिळतात. त्यांवर जिवाणू बसायला वेळ लागतो एवढंच. तसंही फुलपाखरू मासा असलेल्या टँकमध्ये प्रवाळ ठेवणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. फक्त माशांचा टँक करा.

दगड रचताना भेगा आणि कपारी भरपूर ठेवा. हा मासा आयुष्यभर कपारीत चोच घालून खातो. सपाट भिंतीसारखी रचना त्याच्या कामाची नाही. दगड काचेवर आधी, वाळू नंतर, म्हणजे वाळू उकरली तरी ढिगारा कोसळत नाही.

मग सायकलिंग, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये बसवणं. पाण्यात सोललेल्या कोळंबीचा तुकडा टाका किंवा बाटलीतला अमोनिया वापरा, आणि जिवाणूंना वाढू द्या. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसतं. चार ते सहा आठवडे. त्यानंतर क्लाउनफिश, गोबी, कार्डिनल असे शांत मासे टाका. ट्रिगर आणि मोठे डॅमसेल कधीच नकोत. ते खाणं हिसकावतात आणि फुलपाखरू मासा भिडणारा नाही.

कुर्ल्याचा रविवार

इथल्या बहुतेकांची वारी शेवटी कुर्ल्याच्या मासेबाजारात होते. ठाण्याहून मेन लाइन, वाशी-बेलापूरहून हार्बर, दोन्हीकडून सरळ गाडी आहे. मात्र रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा. पिशवीतला मासा घेऊन फलाटावर तासभर अडकायचं नसतं. थर्माकोलचा झाकणवाला डबा घरूनच न्या.

दुकानात मासा पसंत पडला की पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. 'खिलाके दिखाओ' म्हणा. 'सब खाता है साब' हे उत्तर ठरलेलं आहे. तुम्ही उभे राहा. फ्रोझन मायसिस किंवा ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारखे इवले जीव) टाकल्यावर त्याने तोंडात घेऊन गिळलं पाहिजे. तोंडात घेऊन थुंकला तर ते खाणं नव्हे. मग समोरून, तोंडाच्या दिशेने बघा: डोळ्यांच्या वरची पाठ भरलेली हवी, दोन्ही बाजूंनी चपटलेली नको. पोट आत गेलेलं नको. श्वास सावकाश हवा. चोच फाटलेली किंवा लाल नको. पकडताना आणि जाळीत ती सहज दुखावते, आणि चोच दुखली की खाणं बंद. ८ ते १० सेंटिमीटरचा मासा घ्या. त्याहून लहान उपास सोसत नाहीत, फार मोठे सवयी बदलत नाहीत.

आजच माल आलाय असं सांगितलं तर आगाऊ पैसे देऊन या आणि आठवड्याने जा. तोवर जगला आणि खायला लागला तर तो तुमचा. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही.

घरी आल्यावर पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग बादलीत ओतून बारीक नळीने अर्धा तास थेंब थेंब पाणी सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

क्वारंटाइन

सरळ मोठ्या टँकमध्ये टाकायचा नाही. ७५-८० लिटरचा साधा टँक, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी एल्बो (पाइपचे वाकडे जोड) एवढं पुरे. स्पंज आधी महिनाभर संपमध्ये ठेवून जिवाणूवाला करून घ्या. तीन बाजूंना कागद लावा, दिवा मंद ठेवा. चार ते सहा आठवडे.

रव्याच्या कणाएवढे सुटे पांढरे ठिपके म्हणजे मरीन इच. अंगावर बारीक भुकटी बसल्यासारखी दिसते आणि श्वास धापा टाकल्यासारखा होतो तो व्हेल्व्हेट; तो दोन-तीन दिवसांत मारतो, थांबू नका. दोन्हीवर तांब्याचं औषध चालतं, पण फुलपाखरू मासा तांब्याला नाजूक आहे. मात्रा काही दिवसांत हळूहळू चढवा आणि तांब्याच्या टेस्ट किटशिवाय सुरू करू नका. तांबं दगड असलेल्या मोठ्या टँकमध्ये कधीही घालू नये. परांवर पांढऱ्या गाठी आल्या तर घाबरू नका, तो बहुतेक लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणू असतो आणि मासा नीट खात असेल तर आपोआप जातो. इच मोठ्या टँकमध्ये शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस रिकामा ठेवतात. हे ऐकल्यावर क्वारंटाइनचा कंटाळा येत नाही.

खायला लावणं

सगळा खेळ इथे आहे, आणि इथे ठाणे-नवी मुंबईकर नशीबवान आहेत. कारण या माशाला आवडणारी गोष्ट आपल्या बाजारात वाट्यावर मिळते: तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या.

चेंदणी कोळीवाड्यात किंवा बेलापूरच्या दिवाळे गावात जा आणि मावशींना विचारा की माल कुठला आहे. अलिबाग-रत्नागिरीकडचा असेल तर उत्तम. गाळाच्या खाडीतल्या नकोत. तोंड मिटलेल्या, हाताला जड लागणाऱ्या घ्या. घरी मिठाच्या ताज्या पाण्यात तीन-चार तास ठेवून वाळू सोडवा, आरओच्या पाण्याने धुवा आणि डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका. डब्यावर 'माशांचं' असं मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर एखाद्या रविवारी त्यांचं सुकं होईल. घरात शाकाहारी माणसं असतील तर आधी बोलून घ्या.

रोज एक तिसरी बाहेर काढा, सुरीने उघडा, मांस असलेली अर्धी शिंप एल्बोच्या आत किंवा दोन दगडांच्या फटीत तिरकी रोवा, आणि खोलीतून बाहेर जा. समोर उभं राहून बघत बसलात तर मासा मागेच राहतो. लांबून बघा: आधी तो एका डोळ्याने शिंप न्याहाळतो, मागे जातो, पुन्हा येतो, चोचीच्या टोकाने कडेचा लहानसा पापुद्रा खेचतो आणि दचकून लांब पळतो. दुसऱ्यांदा कमी दचकतो. दोन तासांनी उरलेलं काढून टाका, ठेवून देऊ नका.

शिंप कोरून खायला लागला की पुढची पायरी. त्याच रिकाम्या शिंपेत थोडी तिसरी आणि तिच्यात वितळवलेले मायसिस दाबून भरा. रोज मायसिस वाढवत, तिसरी कमी करत न्या. मायसिसची चव ओळखीची झाली की तेच नळीने शिंपेच्या वर, पाण्यात सोडा. तरंगताना उचलले की अवघड भाग संपला. ताज्या कोळंबीचा बारीक कीस, लसणाच्या रसात भिजवलेले दाणे हे त्यानंतर. पटापट पायऱ्या चढवायला जाऊ नका. एखादा मासा चार दिवसांत दाण्यावर येतो, एखादा महिना लावतो. दुकानात सुका जवळा स्वस्त मिळतो म्हणून तो टाकतात. त्यात मीठ जास्त आणि पोषण कमी, त्या नादी लागू नका.

दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. नायट्रेट वाढेल या भीतीने खाणं कमी करणारे मी पाहिलेत. नायट्रेट पाणी बदलून उतरतं, खंगलेला मासा सहसा परत भरत नाही. मात्र आयुष्यभर फक्त शिंपल्याही नकोत. कच्च्या शिंपल्यांत थायामिनेज असतं, ते माशाच्या अंगातलं बी-१ जीवनसत्त्व मोडतं. आठवड्यातून दोन-तीनदा खाण्यावर माशांच्या जीवनसत्त्वांचे थेंब घाला. आणि जून-जुलैत बोटी बंद असतात तेव्हा कोळंबी महाग आणि शिळी मिळते, म्हणून मेच्या शेवटाला फ्रीझर भरून घ्या.

क्वारंटाइन संपवून मोठ्या टँकमध्ये सोडाल त्या दिवशी ओळखीची शिंप पुन्हा दगडात रोवा. जुन्या माशांना आधी दुसऱ्या टोकाला खायला द्या.

नंतरची देखभाल

दर पंधरा दिवसांनी ४० ते ५० लिटर पाणी बदला. अमोनिया, नायट्राइट शून्य; नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास असलं तरी चालेल; पीएच ८.१ ते ८.४. स्किमरचा कप दोन-तीन दिवसांनी धुवा, वास येईल. उपसलेलं खारं पाणी मोरीत ओता, कुंड्यांत नाही. आणि हौस फिटली तर मासा दुकानात परत द्या. उपवन किंवा मासुंदा तलावात सोडलेला खाऱ्या पाण्यातला मासा जगत नाही, खाडीत सोडलेलाही नाही.

राहता राहिला गणपतीचा प्रश्न. घर कुलूपबंद करून आठ-दहा दिवस गावी जायचं आणि शेजारच्या काकूंवर मासे सोपवायचे. काकू प्रेमळ असतात, म्हणूनच धोका; मासा काचेपाशी आला की त्या पुन्हा घालतात. मेडिकलमध्ये मिळणारा आठवड्याच्या गोळ्यांचा डबा आणा, एका कप्प्यात एका वेळचे दाणे भरा आणि बाकी सगळे डबे उचलून कपाटात ठेवा. फ्रोझन खाणं त्यांना देऊ नका. निघण्याआधी दोन आठवडे माशाला दाण्यांवर आणलेलं असलं पाहिजे. तो अजून शिंपेशिवाय खात नसेल तर त्या वर्षी घरातल्या एकाने मागे राहायचं, किंवा मासा पुढच्या वर्षी घ्यायचा.